गड्ड

आमच्याकडं टॉवेल डोळ्यांनी तपासत नाहीत.
डोळे दुपारी तीननंतर खोटं बोलायला लागतात.
बोटं नाही बोलत.
एकोणीस वर्षं, अक्कलकोट रोडला, चेकिंगच्या टेबलावर
सुटलेला लूप, तुटका धागा, गाठ.
गाठ सापडली की चिमट्यानं वर उचलायची, कापायची,
खालचं कापड कापू द्यायचं नाही.
एवढंच येतं मला.

तर आधी बोटांनाच कळलं.
चौथ्या दिवशी नळाला पाणी आलेलं,
बादल्या भरता भरता घाईचा साबण,
डाव्या बाजूला, काखेकडं,
हरभऱ्याएवढं.
बोटं थांबली, टेबलावर थांबतात तशीच.
नळ वाहत राहिला.
आमच्या गल्लीत चौथ्या दिवसाचं पाणी
कुणी असं जाऊ देत नाही.

आई विड्या वळायची. तिच्या तेलुगूत याला गड्ड म्हणतात.
आणि संक्रांतीला अख्खं सोलापूर विचारतं,
गड्ड्याला जाऊन आलीस का?
लहानपणी मला वाटायचं दोन्ही एकच,
होम मैदानावर काहीतरी सुजून वर येतं
आणि त्यावर पाळणे लागतात.

हत्तुरे मॅडमनी आधी सुई घातली, मग तुकडा काढला.
बारा दिवसांनी कागद.
"साधी आहे. कॅन्सर नाही."
मी पिशवी उचलली, उठले.
"बसा येमूलबाई. अजून आहे."

पेशी वेड्यावाकड्या नाहीत, म्हणाल्या,
पण दाटी झालीय, हवी त्याहून जास्त.
म्हणून पुढं कधीतरी तो होण्याची शक्यता
इतर बायकांपेक्षा वाढलेली.
दुपटीच्या आसपास धरा.

कशाच्या दुप्पट?
डझनावर मजुरी घेणारी बाई हे विचारणारच.

मॅडम हसल्या. कागद उलटा केला,
शंभर टिंबं काढली, थोडी काळी केली,
मग शेजारी आणखी थोडी.
बहुतेक पांढरीच राहिली.
मला कळलं ते असं:
शंभर नगांच्या गठ्ठ्यात काही सेकंड निघतातच.
माझ्या गठ्ठ्यात थोडे जास्त निघतील.
कुठले, ते फोडल्याशिवाय मालकालाही कळत नाही,
आणि हा गठ्ठा फोडायला वीस-पंचवीस वर्षं लागतात.
मी त्यातला एकच नग.
अर्धा सेकंड असा नग नसतो.

"साधी म्हणाल्या ना? मग झालं,"
हे म्हणाले, आणि आमटीत भाकरी कुस्करली.
फाईल कपाटावर गेली, लग्नातल्या चादरींशेजारी.
महानंदानं टेबलापलीकडून विचारलं, "काय निघालं गं?"
काही नाही, म्हटलं. खोटं.
आहे म्हटलं असतं, तर तेही खोटं.
घरात तेलुगू, टेबलावर मराठी, शेठजींशी हिंदी,
तिन्ही हुडकून झाल्या.
मधल्या या जागेला कुणीच नाव ठेवलेलं नाही.

रात्री बोटं आपोआप जातात.
मी त्यांना उशीखाली दाबते.
ड्यूटी संपली, म्हणते.
ती ऐकत नाहीत, एकोणीस वर्षांची सवय.

वर्षातून एकदा फोटो, मॅडम म्हणाल्या होत्या.
महिना तुम्हीच सांगा, विसरणार नाही असा.
मी जानेवारी सांगितला.

"आई, गड्ड्याला कधी जायचं?" साहिती विचारते.
शुक्रवारी.
आधी मला एका ठिकाणी जाऊन यायचंय.

यंदाचा कागद बरा आला. पुढचा पुढं.
पाळणा वर गेला तेव्हा खाली दिवे, तळ्याचं काळं पाणी,
आणि साहिती घाबरून
माझ्या डाव्या कुशीत घुसली, कोपर रुतवून.
जरा सरक, म्हणणार होते.
मग म्हटलं, असू दे.